शैला भंगाळेची धिमी गोळी

शैला भंगाळेला केळी आवडत नसत. सासरी केळीची बाग, माहेरीही केळीचीच बाग, बुऱ्हाणपूरहून इच्छापूरकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना नजर पोचेल तिथवर केळीच केळी. आणि ही बाई शेजारी कुणी केळं सोललं की तोंड फिरवून बसायची. "मले वास येते," म्हणायची. आम्ही सगळ्या हसायचो. ती हसायची नाही. आमचं हसून झालं, बोलणं दुसरीकडे वळलं, की मग तिला एकटीलाच हसू फुटायचं. तिचं सगळंच असं जरा उशिराने चालायचं. बसला उशीर, उत्तराला उशीर, आणि रागाला तर इतका उशीर की तो आलेला मी एकदाच पाहिला.

मी कागदाच्या मिलमध्ये हिशेब विभागात आहे. वडील भुसावळकडून या मिलमध्ये आले. मी लग्न होऊन बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात गेले, तरी नोकरी मिलचीच राहिली. परवा मिलच्या बसमध्ये मागच्या बाकावर दोन नव्या मुली बोलत होत्या. "वो बंदूकवाली आंटी पता है? तिने आपल्याच दिराला आत टाकलं म्हणे. जमिनीसाठी." मी मागे वळेपर्यंत थांबा आला आणि त्या उतरून गेल्या. शैलाबद्दल काही वाकडं ऐकलं की मला खरं तर बरं वाटायला हवं. माझ्याइतका तिचा हेवा या गावात कुणी केला नसेल. पण जमिनीसाठी? दिवसभर ते डोक्यातून जाईना.

आमची ओळख कॉलेजातली. छात्रसेनेत मी वर्षभर आधी गेले होते. गणवेशाला कडक इस्त्री, बुटांना पॉलिश, आणि पॉइंट टू-टूच्या छोट्या रायफलने निशाणेबाजी करण्यात मी मुलींमध्ये पहिली. मग एका सकाळी शैला आली. इच्छापूरकडच्या गावातून बसने यायची, तिची बस उशिरा आली होती. सगळ्यांचं मारून झालं होतं. तिने बांगड्या एकेक करून काढल्या, डाव्या बुटात टाकल्या, वेणी पदरासारखी एका खांद्यावरून पुढे घेतली आणि सतरंजीवर पालथी झोपली. झोपली असंच म्हणायला पाहिजे, कारण ती इतकी निवांत पसरली की शिकवणाऱ्या हवालदाराने विचारलं, "नींद आ रही है क्या?" मग तिने पाच गोळ्या मारल्या. लक्ष्याचा कागद आणला तेव्हा पाचही भोकं एकमेकींत घुसलेली होती. वरून जुना रुपया ठेवला असता तर झाकली गेली असती.

मी तिला विचारलं, "आधी कुठं शिकलीस?"

"नाही ना व," ती म्हणाली. "आजच पाह्यली."

मला ते खरं वाटलं नाही. पुढे कळलं की खरंच होतं. ते खोटं असतं तर मला सोसलं असतं.

लग्नानंतर बरीच वर्षं आमचं दोघींचं बोलणं नव्हतं. मग मिलच्या मागे, जुन्या मातीच्या उंच बांधाला लागून, निशाणेबाजीची एक छोटीशी रेंज सुरू झाली. फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार ती चालवायचे. मूळचे साताऱ्याकडचे, पण आयुष्य छावण्यांत गेल्याने अर्धं बोलणं हिंदीत. मी पहिल्याच महिन्यात नाव घातलं. घरी भांडून रविवार मोकळा करून घेतला, परवान्यासाठी चकरा मारल्या, नियम पाठ केले. सुभेदार माझा कागद हातात घेऊन बघायचे आणि म्हणायचे, "ठीक." एवढंच. त्या 'ठीक'वर मी आठवडा काढायचे.

सहा-सात महिन्यांनी एका रविवारी एक मोटारसायकल येऊन थांबली आणि मागून शैला उतरली. पुढे तिचा नवरा भास्कर. त्याने कुण्या निवृत्त नेमबाजाची वापरलेली रायफल तिच्यासाठी मिळवली होती, परवान्याचं सगळं स्वतः केलं होतं, आणि आता हेल्मेट काढून तो झाडाखाली दगडावर बसला. रेंज संपेपर्यंत तिथेच बसला. पुढचे सगळे रविवार तो तिथेच बसलेला मी पाहिला. मोबाइल बघत नसे, पेपर वाचत नसे. बायको नेम धरते ते बघत बसायचा. माझे यजमान मला सोडायला एकदा आले होते, तेही बँकेत काम होतं म्हणून.

शैलाने बांगड्या काढून डाव्या बुटात टाकल्या. सुभेदारांनी तिचा कागद आणला, उन्हाकडे धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "लड़की ने अच्छा ग्रुप मारा."

ग्रुप म्हणजे भोकांचा घोळका. घोळका जितका लहान, तितका हात स्थिर. फौजी माणसाच्या तोंडून याच्यापेक्षा मोठं कौतुक येत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आता त्या गोळीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या टू-टूच्या रायफलीला जी साधी काडतुसं मिळतात, त्यांची गोळी आवाजापेक्षा वेगाने सुटते. ती हवा फाडत जाते, म्हणून कडकन आवाज होतो. पण गोळी छोटी. थोडं अंतर गेलं की दमते आणि तिचा वेग आवाजाच्या वेगाखाली उतरतो. त्या उतरणीवर ती डगमगते. पन्नास मीटरवरच्या कागदावर ती नेमकी कुठं बसेल याचा मग भरवसा राहत नाही. म्हणून निशाणेबाजीची काडतुसं मुद्दामच अशी भरतात की गोळी पहिल्यापासून आवाजापेक्षा हळू जाते. डब्यावर सबसॉनिक असं लिहिलेलं असतं. आमच्या रेंजवर तिला सगळे धिमी म्हणत. ती सुटली की फट् असा बसका आवाज येतो, कुणी जाडं पुस्तक सतरंजीवर टाकावं तसा. ही काडतुसं परदेशातून यायची, नेमबाजी संघटनेमार्फत मागवावी लागायची आणि महिनोन्‌महिने वाट पाहावी लागायची. त्यातही एका खेपेची रायफलीला मानवते, दुसऱ्या खेपेची मानवत नाही. चांगली खेप हाताला लागली की नेमबाज ती दागिन्यासारखी जपतो.

सुभेदारांनी हे सगळं समजावलं तेव्हा मी मान डोलावत होते, मला ते माहीत होतं. शैलाने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "मतलब आवाज आधी पोचते, अन् गोळी मागून?"

"बराबर."

"मंग त्या कागदाले आधीच कळत असीन, आता आपल्याले लागणार म्हणून."

सगळे हसले. सुभेदारही हसले, आणि ते कधी हसत नसत. चहा होऊन आम्ही निघालो तेव्हा कुठे शैलाला स्वतःच्या बोलण्याचं हसू आलं.

मला खटकायचं ते तिला काहीच करावं लागत नसे हे. मी पहाटे श्वासाचे व्यायाम करायचे, चहा सोडला होता, मेथ्यांचं पाणी प्यायचे. ती घरून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा बांधून आणायची, मारायच्या अगोदर पोटभर खायची, आणि माझ्या नाडीचे ठोके मला कानात ऐकू येत असताना ही शेजारच्या सतरंजीवर जांभई द्यायची. मी चाप ओढताना गडबडले की न बघता म्हणायची, "घाई तुले आहे व कल्पना. गोळीले नाही." हे तिने मला इतक्या वेळा ऐकवलंय की अजूनही कुकरची शिट्टी व्हायची वाट बघताना ते वाक्य आठवतं आणि अजूनही रागच येतो.

आमच्या घरीसुद्धा तिचंच कौतुक. शनवाऱ्याच्या बाजारातून मावा जिलेबी घेऊन ती एकदा आली, तासभर बसली, सासूबाईंना केळीच्या खोडाची भाजी कशी करतात ते सांगितलं, स्वतः कधी न खाता. ती गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "किती साधी आहे गं, काही गर्व नाही." यजमान म्हणाले, "एवढी निशाणेबाज असून!" मी भांडी घासायला उठले. एवढी निशाणेबाज त्या घरात आणखी एक होती, हे कुणाला सुचलं नाही.

मग इंदूरची निवड चाचणी आली. त्यातून राज्याच्या संघात जायचं होतं. बाईचं वय, नोकरी, मुलं सगळं बघता मला ती शेवटची संधी वाटत होती आणि मला ती हवी होती. दुसरं काहीही नको होतं, तेवढी हवी होती. नेमकी त्याच वेळी माझी मागवलेली धिमी काडतुसं आलीच नाहीत. कुठल्याशा बंदरात अडकली होती. शेवटी इंदूरच्या दुकानातून जी मिळाली ती वेगाची काडतुसं घेऊन गेले. आदल्या दिवशीच्या सरावात माझे कागद बघवत नव्हते. भोकं अशी विखुरलेली, जणू कुणी मूठभर वाटाणे फेकले होते.

संध्याकाळी धर्मशाळेच्या खोलीत मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. शैला आली आणि कॉटवर बसली. तिच्याकडे तिच्या रायफलीला अगदी मानवलेल्या खेपेचा डबा होता. तिने तो उघडला, अर्ध्याहून जास्त, एका अख्ख्या खेळाला पुरतील इतकी काडतुसं माझ्या रुमालावर ओतली आणि माझ्या डब्यातली तितकीच उचलून आपल्या डब्यात भरली.

"हे काय करतेस?"

"माझी बंदूक काय बी खाते."

"खोटं बोलू नकोस. वेगाच्या गोळीने कुणाचीच बंदूक नीट मारत नाही."

"मंग नको मारू दे." ती उठली. "चाल जेवाले. त्या कोपऱ्यावर शेवभाजी मिळते म्हणे, पाहू तर खरं, इंदूरवाल्यायले जमते का."

मी नको म्हणायला हवं होतं का, हा प्रश्न मला त्या संध्याकाळी पडला नाही. मी रुमालाची गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यातला सगळ्यात चांगला खेळ खेळले. प्रत्येक फट् पोटात उतरत होता आणि मला कळत होतं की ती बसली. माझं आणि शैलाचं अंतर शेवटी अर्ध्या गुणाचंही नव्हतं, पण मी वर होते. संघात माझं नाव लागलं. तिचं नाही. भिंतीवर लावलेले कागद मी नंतर निरखून पाहिले. तिच्या पहिल्या अर्ध्या कागदांवर तोच तिचा एकमेकींत घुसलेला घोळका. पुढच्या अर्ध्यांवर भोकं फाकत गेलेली. चांगली काडतुसं संपली आणि तिने माझी वापरायला घेतली, ती जागासुद्धा मला बोटाने दाखवता आली असती.

परतीच्या बसमध्ये तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि झोपली. खंडवा मागे पडलं तेव्हा जागी झाली. मी विचारलं, "का दिलीस मला?"

तिने नेहमीसारखा वेळ घेतला. "तुले पाह्यजे होती ना व," ती म्हणाली. "मले तर निसतं मारायले आवडते. नाव लागलं काय, नाही लागलं काय."

आणि पुन्हा झोपली. मी जिंकलेली होते. बसमधल्या बाकी सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं होतं. आणि मी त्या झोपलेल्या बाईकडे बघत होते आणि मला वाटत होतं की हिच्या हरण्यासारखं काहीतरी मला मिळायला हवं होतं. राज्याच्या संघातून मी पुढे गेले, मधल्या कुठल्यातरी क्रमांकावर आले, परत आले. सुभेदारांनी माझे कागद बघितले. "ठीक," म्हणाले.

त्याच वर्षी थंडीत तिच्या शेतात भरीत-पुरीची पार्टी होती. आपल्याकडे ती थाटात होते; कापसाच्या काड्यांवर भाजलेली वांगी, लाकडी बडगीत मुसळाने कुटलेलं भरीत, आणि जेवायला निम्मं गाव. जेवण झाल्यावर तिचा धाकटा दीर दिगंबर आम्हाला बागेच्या टोकाला घेऊन गेला. रानडुकरांनी कोवळ्या केळी मुळापासून उकरून टाकल्या होत्या, ठिबकच्या नळ्या चावून चिरफाळ्या केल्या होत्या. दिगंबर वाईट माणूस नव्हता. रात्रीचा दिवस करून त्याने ती बाग उभी केली होती आणि ती आडवी पडलेली दाखवताना त्याचा आवाज चिरकत होता.

"वहिनी," तो म्हणाला, "तुमची ती बिनआवाजाची गोळी आहे ना? ती द्या. किसी को पता नहीं चलेगा. एक डुक्कर पडला की बाकीचे फिरकत नाहीत."

"ते कागदासाठी आहे, भाऊ," शैला म्हणाली.

"कागदात अन् डुकरात काय फरक?"

"कागदाले दुखत नाही. एवढीशी, हळू जाणारी गोळी ते. डुकराले मारली तर डुक्कर मरत नाही, मरत राह्यते. तुम्ही परवानगी काढा, मोठी बंदूक आणा. मी सोता येते तुमच्यासंग."

"परवानगीला महिने लागतात, वहिनी. तोवर बाग राहते का?"

ती म्हणाली, "नाही देणार." आवाज चढवला नाही. दिगंबरने पायाजवळची फुटकी नळी लाथेने उडवली आणि निघून गेला. त्या वेळी मला वाटलं होतं, घरच्या माणसाला एवढं तोंडावर नाही म्हणायला मला जमलं नसतं. तेही तिला जमलं.

पुढच्या महिन्यात शैला आईच्या आजारपणासाठी माहेरी गेली होती. रायफल आणि काडतुसं लोखंडी कपाटात कुलूपबंद, किल्ली सासूकडे. दिगंबरने आईकडून किल्ली मागून घेतली. संध्याकाळी दिवस बुडताना बागेच्या टोकाला त्याने डुकरावर दोन-तीन गोळ्या झाडल्या. शेजारच्या शेतात पाणी भरणाऱ्यालाही काही ऐकू आलं नाही. डुक्कर पडला नाही. पळाला.

दोन दिवसांनी सुमनबाई नावाची मजूर बाई त्याच बागेत निंदायला गेली होती. केळीच्या दाट पानांत तो जखमी डुक्कर दबा धरून बसलेला होता. तो सरळ तिच्या अंगावर आला. मांडी फाडली, हाड मोडलं. बायका ओरडल्या म्हणून वाचली.

शैला त्याच दिवशी माहेराहून परतली. सगळे म्हणत होते, रानडुकराचा काय भरवसा, येतोच अंगावर. ती बागेत गेली आणि वाफ्याच्या कडेला तिला काडतुसाची एक रिकामी नळी सापडली, पितळेची, करंगळीच्या नखाएवढी जाड. ती कुठल्या डब्यातली आहे हे तिला विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला ती माझ्या दारात उभी. खाली भास्कर मोटारसायकलवर बसलेला. "चहा दे," ती म्हणाली. "मंग मले ठाण्यात जायचं आहे."

चहा होईपर्यंत तिने मला सगळं सांगितलं. मी गॅस बंद केला, चहा कपात ओतला आणि तिच्यासमोर बसले.

"शैला, ऐक. कुणाला माहीत नाही. कुणी पाहिलं नाही, आवाजसुद्धा कुणी ऐकला नाही. सुमनबाईच्या दवाखान्याचं तुम्ही करताच आहात. ती नळी तापीत फेक आणि घरी जा."

तिने कप उचलला, चहावर फुंकर मारली.

"परवाना जाईल तुझा," मी म्हणाले. "बंदूक जमा होईल. तुझी वस्तू तू नीट ठेवली नाहीस असं म्हणतील, तुझ्यावरच येईल. परत कधी मारता येणार नाही तुला, कळतंय का? दिगंबर आत जाईल. घरचे तोंड बघणार नाहीत तुझं."

"हो."

"मग?"

तेव्हा तिला राग आला. मी म्हणाले ना, एकदाच पाहिला, तो हाच. तिने कप असा आदळला की चहा बशीत सांडला.

"त्या सुमनबाईनं मले इचारलं, ताई, मी असं काय केलं होतं त्या जनावराचं? ते आपल्याच नशिबाले दोष देऊ राह्यली, कल्पना! अन् मी तिच्या उशाशी बसून मान हलवू? रोज? तिले मरेपर्यंत वाटत राहीन का ते डुक्कर असंच आलं म्हणून?"

तिने चहा एका दमात संपवला, कप स्वतः विसळून पालथा घातला आणि पदराने हात पुसले. "चाल, येते," म्हणाली. मी खिडकीतून पाहिलं. भास्करने तिला काही विचारलं नाही, काही समजावलं नाही. त्याच्या सख्ख्या भावाविरुद्ध तक्रार द्यायला ती निघाली होती आणि त्याने फक्त ती नीट बसली का ते मागे वळून पाहिलं आणि गाडी सुरू केली. त्या क्षणी मला तिच्या नेमाचा, सुभेदारांच्या कौतुकाचा, कशाचाच हेवा वाटला नाही. मागे वळून बघणाऱ्या त्या माणसाचा वाटला.

मी म्हणाले होते तसंच झालं. रायफल जमा झाली, परवाना गेला. दिगंबर काही दिवस आत राहून जामिनावर सुटला. वनखात्याचं प्रकरण वेगळं चालू राहिलं. सासूने शैलाशी बोलणं टाकलं. पुढे घर वेगळं झालं, जमिनीच्या वाटण्या झाल्या, आणि लोकांनी गोष्ट उलटी करून घेतली, की वाटण्यांसाठीच बाईने हे केलं. तिने कुणाला काही सांगितलं नाही. सुमनबाईच्या घरी मात्र तिने स्वतः जाऊन सांगितलं, कुणाची गोळी होती ते. सुमनबाईचा मुलगा मारायला धावला होता म्हणे. सुमनबाईने त्याला थांबवलं. पुढे पट्टी बदलायला शैलाच जायची.

रेंजवर ही बातमी मीच नेली. रविवार होता. सुभेदार बांधाजवळ लक्ष्याची लाकडी चौकट ठोकत होते. मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "वेडी आहे. गप्प बसली असती तर पुढच्या वर्षी संघात हीच असती." सुभेदारांनी हातोडी खाली ठेवली. रिकाम्या चौकटीतून पलीकडच्या मातीकडे पाहिलं. मग टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली.

"लड़की ने अच्छा ग्रुप मारा," म्हणाले, आणि पुन्हा खिळे ठोकू लागले.

पुढच्या चाचणीत मी सहज वर यायला हवं होतं. माझ्या तोडीचं दुसरं कुणी नव्हतंच. माझी काडतुसं वेळेवर आली होती. शेजारच्या सतरंजीवर कुणी जांभई देत नव्हतं, भाकरीचा वास नव्हता, मला घाई आहे असं कुणी सांगत नव्हतं. मला हवं होतं तसं सगळं शांत होतं. त्या शांततेत मला नेम धरता येईना. कशीबशी निवड झाली आणि त्यानंतर मी रेंज सोडली.

शैलाला मी शेवटची पाहिली ती इच्छापूरच्या देवीच्या जत्रेत. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती आणि भास्कर त्याच्या बहिणीकडे गुजरातेत निघून गेली, तिकडे शेती करायला घेतली असं ऐकलं. ती तिथे दिसेल असं वाटलं नव्हतं. मी सासूबाईंना दर्शनाला घेऊन गेले होते. पायऱ्या उतरून आलो आणि त्या नारळवाल्याशी भाव करत उभ्या राहिल्या. समोर फुगे फोडायचा गाळा होता. पत्र्याच्या फळीवर रंगीत फुग्यांच्या ओळी, आणि पुढे टेबलावर छऱ्याच्या दोन जुनाट बंदुका. टेबलाशी शैला उभी होती. अंगावर साधी हिरवी साडी, पूर्वीपेक्षा वाळलेली. भास्कर शेजारी तिची पिशवी धरून.

तिने पहिला छरा मारला. तो फुग्यापासून वीतभर बाजूला पत्र्यावर आपटला. गाळेवाला हसला. "दीदी, निशाना लगाइए, निशाना!" अशा गाळ्यांवरच्या बंदुकांच्या नळ्या वाकवलेल्याच असतात. तिने काही म्हटलं नाही. छरा कुठे आपटला ती जागा एकदा नीट पाहून घेतली, बंदूक मधल्या बिजागरीतून मोडून दुसरा छरा भरला, आणि फुग्याकडे बघायचं सोडून त्याच्या शेजारच्या पत्र्याच्या मोकळ्या जागेवर नेम धरला. फुगा फुटला. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. ती मध्ये थांबत होती, श्वास सोडत होती, तिला कसलीही गडबड नव्हती. हळूहळू लोक जमले. एका म्हाताऱ्याने नातीला खांद्यावर घेतलं. गाळेवाल्याचं हसू मावळलं. "बस हो गया, दीदी," तो म्हणाला, पण लोक ओरडले, मारू द्या बाईला, आणि तिने ती अख्खी ओळ संपवली. पोरं टाळ्या वाजवायला लागली.

मी गर्दीत मागे होते. दोन पावलं पुढे गेले असते तर हात धरता आला असता. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की जणू तिचं काहीच गेलेलं नाही. परवाना, घर, संघ, काही नाही. तो चेहरा बघताना माझ्या छातीत तीच जुनी कळ आली, कॉलेजच्या मैदानावर आली होती तीच. मी हाक मारली नाही.

गाळेवाल्याने बक्षिसाची प्लॅस्टिकची बाहुली पुढे केली. ती तिने म्हाताऱ्याच्या खांद्यावरच्या पोरीला दिली. मग बंदूक टेबलावर ठेवली. जत्रेतल्या बंदुका लोक कशाही टाकतात. तिने ती मधून मोडून, उघडी करून ठेवली, तोंड माणसांकडून फिरवून पत्र्याकडे, आत छरा नाही हे लांबूनही कुणालाही दिसावं अशी. रेंजवर ठेवतात तशी. गाळेवाल्याला त्यातलं काही कळलं नाही. शैला आणि भास्कर गर्दीत मिसळली तसा त्याने कुरकुरत ती उचलली, खटकन बंद केली आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या हातात दिली.